विजापूरची जुम्मा मशीद कशी बघायची (गोलघुमट शेवटी ठेवा)

आमच्या सोलापूरकडच्या प्रत्येक माणसानं विजापूर एकदा तरी बघितलेलं असतं, म्हणजे शाळेच्या सहलीत एसटीतून जायचं, गोलघुमटात वर चढायचं, घसा बसेपर्यंत ओरडायचं, खाली येऊन डबा खायचा आणि परत. मीपण तेच केलंय, दोनदा. तिसऱ्यांदा मोठेपणी गेलो तेव्हा सहज म्हणून जुम्मा मशिदीत शिरलो आणि डोकं चक्रावलं, इतकी देखणी जागा आणि दोन्ही सहलींत आमची बस तिच्यावरून नुसती पुढे गेलेली. तेव्हापासून कोणी विजापूरला निघालं की मी सांगतो, मशीद आधी बघ, गोलघुमट शेवटी. आणि बघायची कशी तेही सांगतो, कारण मशीद ही अशी इमारत आहे की काय शोधायचं ते माहीत नसलं तर दहा मिनिटांत 'हो, छान आहे' म्हणून माणूस बाहेर पडतो. देवळात निदान मूर्ती असते, नजर तिकडे जाते. इथे मूर्ती नाही, चित्र जवळजवळ नाही, मग बघायचं काय, तर बघायची ती रचना.

आधी वेळेचं बोलू. सकाळी जा, आठ नऊच्या सुमाराला. हे नुसतं उन्हासाठी नाही सांगत, त्याला कारण आहे. नमाज मक्केकडे तोंड करून पढतात आणि आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणजे जराशी उत्तरेकडे झुकलेली पश्चिम. त्यामुळे नमाजाचं दालन नेहमी पश्चिम बाजूला, अंगण त्याच्या पूर्वेला, आणि दालनाचा दर्शनी भाग, तो कमानींचा, पूर्वेकडे तोंड करून उभा. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं आणि कमानीच्या कडा, कंगोरे सगळं उठून दिसतं. दुपारनंतर गेलात तर तीच बाजू सावलीत, सूर्य इमारतीच्या मागे, फोटो काळे येतात आणि मग लोक म्हणतात काही खास नाही. भारतात कुठल्याही जुन्या मशिदीला हा नियम लावा, दिल्लीची जामा मशीद असो नाहीतर अहमदाबादची, चुकणार नाही.

शुक्रवार दुपार टाळा. मी नाही टाळली एकदा, घरचे पाच जण घेऊन बरोब्बर साडेबाराला दारात, आत जुम्म्याची नमाज. मग काय, बाहेर दीड तास, उसाचा रस आणि बायकोची बोलणी. ही मशीद पुरातत्त्व खात्याकडे आहे पण तिथे नमाज रोज होते, हे ध्यानात ठेवूनच जायचं. पूर्ण पँट, बायकांनी ओढणी किंवा पदर डोक्यावर, चपला बाहेर. आणि पायमोजे न्या बरोबर! अंगणातली फरशी मार्च ते मे या दिवसांत काय तापते ते अनवाणी चालल्याशिवाय कळत नाही, मी हौदापासून दालनापर्यंत अक्षरशः उड्या मारत गेलोय. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून वळसा घालून जायचं. फोटो काढायच्या आधी विचारा, तिथले चाचा लोक चांगले असतात, दखनीत बोलतात, मराठीपण समजतं बऱ्याच जणांना. बायकांना आत सोडतात का हा प्रश्न गावोगावच्या मशिदींत वेगवेगळा सुटतो, दारातच विचारून घ्यावं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आता आत. पूर्वेच्या दारानं आत शिरलात की लगेच पुढे जाऊ नका, अंगणाच्या कडेला थांबा. समोर नऊ कमानी दिसतील, मधली सोडून सगळ्या साध्या. मधलीच्या कडेला पाकळ्या कातरल्यात, आपण गौरीपुढे लावतो ना महिरप, तसा आकार. आणि गंमत अशी की हा महिरप शब्दच मुळात अरबी मेहराब, म्हणजे मशिदीच्या पश्चिम भिंतीतला कोनाडा, जो मक्केची दिशा दाखवतो. गणितातला महिरपी कंस तोच. आपण हा शब्द इतका घरचा करून टाकलाय की तो कुठनं आला याचा पत्ता नाही. तर ती मधली पाकळ्यांची कमान म्हणजे पाटीच आहे, की बाबा, मेहराब सरळ इथून आत. अंगणात उभं राहूनच दिशा कळते.

डावी उजवीकडे अंगणाला लागून कमानींचे लांब पडवीसारखे सोपे आहेत, मधे हौद. हौद वजूसाठी, नमाजाआधी हातपाय तोंड धुवायला. पूर्वेच्या कोपऱ्यांकडे जरा नीट बघा, तिथे मिनार व्हायचे होते ते झालेच नाहीत. पहिल्या अली आदिलशहानं (१५५८ ते १५८०) तालिकोटच्या लढाईनंतर, म्हणजे १५६५ नंतर, हे काम काढलं आणि ते कधी पूर्ण झालंच नाही. पूर्वेचा मोठा दरवाजा औरंगजेबाच्या काळातला मानतात, म्हणजे १६८६ ला त्यानं विजापूर घेतल्यानंतरचा. म्हणजे ज्या दारातनं तुम्ही आत आलात ते मशिदीपेक्षा शंभरेक वर्षांनी लहान. मला या अर्धवटपणाचं काही वाटत नाही, उलट मिनार नाहीत म्हणून सगळं लक्ष घुमटाकडे जातं आणि विजापूरच्या कारागिरांचा हात घुमटातच होता.

घुमट बाहेरून बघताना त्याच्या बुडाशी बघा. दगडी पाकळ्यांची रांग आहे, कमळातून घुमट वर आल्यासारखी. ही विजापूरची सही समजा, गावातल्या बहुतेक घुमटांना ती दिसेल. एकदा ओळखायला लागलात की रिक्षातून जाताजाता पोरं बोट दाखवायला लागतात, ते बघ कमळ, ते बघ कमळ.

दालनात शिरलात की आधी खांब मोजा. हसू नका, मोजा. खांब एकमेकांपासून सारख्या अंतरावर आहेत आणि चार खांबांमधली जी चौकोनी जागा असते तिला आपण खण म्हणू, घराच्या खणासारखा. आडवे नऊ खण, आत खोल पाच खण, म्हणजे पंचेचाळीस. प्रत्येक खणाला वर स्वतःचं छोटं उथळ छत. फक्त मधे येऊन बघा, तिथे नऊ खणांची जागा एकदम मोकळी आहे, तीन बाय तीन. तिथले आतले चार खांब काढूनच टाकलेत आणि वर मोठा घुमट. म्हणजे कडेला उरले बारा खांब. हा सगळा खेळ या बारा खांबांचा आहे, आणि आता जे सांगतोय ते समजलं की विजापूर समजलं.

अडचण काय आहे बघा. खाली जागा चौकोनी, साधारण ७६ फूट बाजू. वर घुमट गोल. चौकोनावर गोल टोपी ठेवली तर चारही कोपरे उघडे राहतात, तिथे घुमटाला टेकायला काही नाही. जगभरच्या मशिदी बांधणाऱ्यांनी हाच एक प्रश्न आपापल्या परीनं सोडवलाय, आणि मशीद बघताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो, कोपऱ्याचं काय केलं. कोणी कोपऱ्यात तिरकी छोटी कमान घालतं, कोणी त्रिकोणी फुगीर तुकडा भरतं, इराणात मधमाशीच्या पोळ्यासारखे कोनाडे एकावर एक रचत जातात. विजापूरवाल्यांनी काय केलं ते कागदावर काढून बघा, मी हे भाच्याला शिकवताना काढलं होतं आणि मलाच नीट तेव्हा कळलं.

चौकटीचा कागद घ्या, गणिताच्या वहीतला. १२ सेंटिमीटरचा चौकोन काढा. प्रत्येक बाजूवर ४ आणि ८ सेंटिमीटरला ठिपके द्या. झाले आठ ठिपके, आणि चार कोपरे, मिळून बारा, हेच ते बारा खांब. आता आठ ठिपक्यांना ओळीनं गोल फिरत १ ते ८ नंबर द्या. १, ३, ५, ७ जोडा, एक तिरका चौकोन मिळेल. २, ४, ६, ८ जोडा, दुसरा तिरका चौकोन, पहिल्याला छेदत जाणारा. या दोन चौकोनांच्या मधे, जिथे ते एकमेकांना कापतात त्याच्या आत, एक आठ कोनी जागा तयार होते. पट्टी लावून तिची समोरासमोरच्या बाजूंमधली रुंदी मोजा, ९ सेंटिमीटरला एक केस कमी भरेल. आता हिशोब करा, १२ ला ९ तर ७६ ला किती? ५७. आणि इथल्या घुमटाचा व्यास साधारण ५७ फूटच आहे! मला तर हा आकडा जुळला तेव्हा वही घेऊन घरभर फिरावंसं वाटलं.

त्या कागदावरच्या रेघा म्हणजे वरच्या कमानी. खांबापासून निघून जागेवरून तिरक्या पलीकडच्या खांबावर जातात, वाटेत दुसऱ्या कमानींना कापतात, आणि वर आठ कोनांचं कडं तयार करतात. आठ कोन म्हणजे जवळजवळ गोलच, त्यावर घुमट आरामात बसतो. शिवाय या कमानी आतल्या बाजूला झुकलेल्या आहेत, त्यांचं वजन आत ओढतं आणि घुमट कडांना बाहेर ढकलत असतो, दोघांची रस्सीखेच बरोबरीत सुटते, म्हणून एवढ्या घुमटाला खाली जाडजूड भिंती नाहीत, नुसते खांब. हे बघायला मान मोडायची गरज नाही, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून फोन छातीपाशी आडवा धरा आणि स्क्रीनमध्ये छत बघत हळूहळू चाला. भाच्याची आयडिया आहे ही, माझी नाही.

खाली फरशीवर चौकोन आखलेले दिसतील, एकेका माणसाच्या नमाजाची जागा. २२५० जागा आहेत असं सांगतात. औरंगजेबानं इथले मखमली गालिचे नेले आणि त्याबदल्यात हे आखून दिले अशी कथा आहे, गाइड रंगवून सांगतो, सांगू द्यावं.

मग पश्चिमेची भिंत. दालन सगळं पांढरं, साधं, चुन्याच्या गिलाव्याचं, आणि मधे मेहराब मात्र सोन्यारंगानं भरलेला. त्यावर पडदा असतो बऱ्याचदा, जपण्यासाठी, तिथल्या माणसाला नीट विनंती केली तर तो बाजूला करतो. हा भाग नंतरचा, मुहम्मद आदिलशहाच्या वेळचा, १६३६ चा, मलिक याकूतचं नाव त्यावर आहे. जवळ जाऊन सावकाश बघा, टॉर्च थेट मारू नका. फार्सी अक्षरं आहेत, आयुष्याचा भरवसा धरू नका अशा अर्थाच्या ओळी आहेत, आणि रंगवलेले खोटे कोनाडे आहेत, त्यात पुस्तकं, फुलदाण्या, साखळ्या चितारलेल्या. म्हणजे भिंतीवर फडताळ काढलंय आणि फडताळात पुस्तकं मांडून ठेवलीत! जिवंत प्राण्याचं चित्र कुठे नाही, त्यामुळे चित्रकारानं सगळी हौस वस्तूंवर भागवली. मी इथे अर्धा तास काढतो, बाकीचे तोवर बाहेर चहाला जातात.

मेहराबाच्या उजव्या हाताला पायऱ्यांचा ओटा असतो तो मिंबर, जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, त्यावरून देतात. मेहराब दिशा दाखवायला, मिंबर बोलायला, मिनार हाक द्यायला, हौद धुवायला, अंगण गर्दीला. मशिदीचे अवयव एवढेच, आणि यातला नमाजाला खरा आवश्यक म्हणाल तर दिशा. बाकी प्रत्येक देशानं आपापल्या हवेप्रमाणे, दगडाप्रमाणे, पैशाप्रमाणे केलं. इराणातल्या इस्फहानच्या शेख लुत्फुल्ला मशिदीला मिनारही नाही आणि अंगणही नाही, ती मशीद म्हणून जगात गाजते. तिथलीच शाह मशीद, १६११ ला सुरू केलेली, तिचा दरवाजा चौकाकडे सरळ आहे पण आत गेलं की अख्खी इमारत तिरकी वळते, कारण चौक एका दिशेला आणि मक्का दुसऱ्या दिशेला. फोटोत दरवाजा आणि घुमट एका रेषेत का येत नाहीत याचं उत्तर ते. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जुम्मा मशीद, १३६७ चा शिलालेख असलेली, तिला तर अंगणच नाही, अख्खी मशीद छताखाली, वर छोट्या घुमट्यांची शेतं पसरलीत. सोलापूरहून तीही एका दिवसात होते, जोडून करा.

इस्तंबूलला जाणारे हल्ली बरेच आहेत, पुण्या-मुंबईहून टूर निघतात. तिथे हीच युक्ती वापरा, कोपऱ्याचं काय केलं ते शोधा. सुलेमानिये मशीद, सिनान नावाच्या वास्तुकाराची, १५५७ ला पुरी झालेली, घुमट ५३ मीटर उंच आणि व्यास त्याच्या निम्मा. तिथे वजन बाहेरच्या बाजूला उतरवत नेलंय, मोठ्या घुमटाला पुढे मागे अर्धे घुमट टेकवलेत, त्यांना आणखी छोटे, बाहेरून डोंगर उतरल्यासारखं दिसतं. विजापुरात वजन आत खेचून धरलंय, तिथे बाहेर ओतलंय. दोन्ही साधारण त्याच शतकातल्या. कुठली चांगली असं मला विचाराल तर मी विजापूरचं म्हणणार, पण मी सोलापूरचा आहे, त्यामुळे माझं मत जरा बाजूला ठेवा.

ज्यांना इतकं लांब जायचं नाही त्यांच्यासाठी मुंबईत दोन. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद, १८०२ ची, तिच्या खालीच मोठा हौद आहे, जुनं तळं होतं त्यावरच मशीद उभी केली, पाण्यात खांब आणि मासे. दुसरी इमामवाड्याची मुघल मशीद, १८६० ची, इराणी लोकांची, निळ्या टाइल्सनी भरलेली, आणि तिला घुमट नाही. मुंबईच्या त्या गर्दीच्या गल्लीत अचानक तो निळा दरवाजा समोर येतो तेव्हा थबकायला होतं. गोव्याला बीचवरून कंटाळा आला तर फोंड्याची साफा मशीद, लहानशी, आपल्या कोकणी घरासारखं उतरतं छप्पर आणि शेजारी मोठं दगडी तळं, ते तळंच खरं बघण्यासारखं.

परत विजापूर. दिवसाचा क्रम मी असा ठेवतो. सकाळी जुम्मा मशीद, मग अर्ककिल्ल्यात, म्हणजे आतल्या बालेकिल्ल्यात, करीमुद्दीनची मशीद. ही १३२० ची, आदिलशाहीच्याही आधीची, देवळांचे खांब वापरून उभी केलेली, आणि शिलालेखात सालोटगी गावच्या सुताराची नोंद आहे. इथे कमानी शोधा, जवळपास नाहीतच, खांबावर आडवी तुळई, तुळईवर छत, देवळाच्या मंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं. ही आधी बघितली असती तरी चाललं असतं, पण जुम्मा मशिदीनंतर बघितली की अडीचशे वर्षांत गवंडी काय काय शिकले ते एकदम समोर येतं. कमान खरी की दिखाऊ हे ओळखायचं असेल तर दगडांचे सांधे बघा. सांधे पंख्याच्या काड्यांसारखे मध्याकडे वळत असतील तर खरी कमान, दगड एकमेकांना दाबून धरतात. सांधे आडवेच असतील आणि दगड नुसते थोडे थोडे पुढे सरकवून कमानीचा आकार कातरला असेल तर ती दिखाऊ. दिल्लीला कुतुबमिनाराशेजारच्या मशिदीतल्या त्या प्रसिद्ध उंच कमानी याच दुसऱ्या जातीच्या आहेत, जाल तेव्हा सांधे बघून या.

दुपारी जेवण, ज्वारीची भाकरी मिळतेच, आणि चारच्या सुमाराला इब्राहिम रोजा. १६२७ च्या सुमाराची कबर आणि मशीद, एकाच चौथऱ्यावर समोरासमोर, मधे कारंज्याचा हौद. इथे लोक दोन्ही इमारतींना मशीदच म्हणतात. फरक ओळखणं सोपं आहे, कबरीला चारी बाजूंनी दारं असू शकतात, मशिदीची पश्चिम भिंत बंद असते, कारण तिकडेच तोंड करायचं असतं. बऱ्याच मशिदींत मेहराबाचा कोनाडा मागून, बाहेरच्या अंगाला, पोट आल्यासारखा फुगलेला दिसतो, म्हणून मागून एक चक्कर मारायची सवय लावा. आणि इथल्या मशिदीच्या छज्ज्याखाली वर बघायला विसरू नका, दगडी साखळ्या लोंबतायत, कड्यात कडी अडकवलेली, एकाच दगडातून कोरलेली. माझ्या बायकोला अख्ख्या विजापुरात आवडलेली गोष्ट कुठली तर ही.

गोलघुमट दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडल्या उघडल्या, दहा वाजले की सहली येतात आणि मग संपलं. तो मशीद नाही, मुहम्मद आदिलशहाची कबर आहे, मशीद त्याच्या पश्चिमेला वेगळी आहे, तिकडे कोणी फिरकत नाही. आत शिरलात की वर चढायच्या आधी खालीच मधे उभे राहा आणि वहीतला तो कागद काढा. तेच दोन तिरके चौकोन, तेच आठ कोन, फक्त इथे खोली सुमारे १३५ फूट आणि खांबांच्या जागी भिंती. पण एक बदल केलाय. जुम्मा मशिदीत घुमट त्या कड्याच्या बेतातच बसलाय, इथे तो कड्याच्या काठापासून मागे सरकवलाय, आतून जवळजवळ १२४ फूट व्यासाचा, त्यामुळे पुढे ११ फूट रुंद सज्जा मोकळा राहिला. त्याच सज्ज्यावर उभं राहून आपण शाळेत असताना एकमेकांच्या नावानं ओरडलो होतो. आता ओरडू नका, भिंतीला तोंड लावून हळू काहीतरी बोला आणि पलीकडच्या माणसाला विचारा काय ऐकू आलं.